तीन वाजताची सावली

रेहाना, तुझी सुंभाची बाज आज पुन्हा उन्हात सापडली.

सकाळी ती जागेवर होती, पूर्वेकडच्या घरांच्या सावलीत, बेबीबाईंच्या पायरीजवळ. ऊन चढलं तशी कोणीतरी ओढून कडुनिंबाखाली नेली. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. सोसायटीतल्या माणसांना ही सवय तूच लावलीस, आणि तू गेल्यावरही ती सुटलेली नाही. सावली सरकली की जाता-येता जो तो बाज सरकवतो. सोसायटीचे अध्यक्ष वासेकरभाऊ, खाणीत आयुष्य काढलेला माणूस, त्यांनीही परवा लाजत कबूल केलं, ‘मी बी सरकवतो बाई. रेहानाबाईची बाज तापली तं बरं नाई वाटत.’ पण दुपारी तीनच्या सुमाराला, चंद्रपुरात कुत्रंसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाही तेव्हा, ही बाज कडुनिंबाची सावली सोडून चौकाच्या पश्चिम टोकाला भर उन्हात जाऊन उभी राहते. जिथे तू गेलीस, नेमकी तीच जागा. तिथे तिला कोण नेतं हे मात्र कोणीच कबूल करत नाही.

मला आधी राग आला, भीती त्याच्यामागून. मी इंजिनिअर बाई. वस्तू हलली म्हणजे तिला कोणीतरी ढकललेलं असतं, या एका विश्वासावर मी आयुष्यभर तुझ्या इमारती उभ्या केल्या. तू आर्किटेक्ट, तुला हवेत रेघा मारायची मुभा होती. त्या खाली पडू नयेत हे पाहायचं काम माझं. आता तू नाहीस आणि हा असला वेडेपणा माझ्या गळ्यात टाकून गेलीस. भांडायचं तरी कोणाशी?

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. तुझे थोरले भाऊ सलीमभाई वडशाहून फोन करतात, ‘नंदाबाई, तुम्ही यायलाच पाहिजे,’ म्हणतात. मी हो म्हणते. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून तुला पोचवायला आले तेव्हा मी फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिले. पुरुष आत गेले आणि हात झटकत परत आले. तुझ्यावर मूठभर माती टाकायची माझी राहूनच गेली. म्हणून असेल, मला तू तिथे आहेस असं वाटत नाही. जे काही बोलायचं ते मी या बाजेशी बोलते, तेही आजूबाजूला कोणी नाही हे बघून.

ही जागा आपल्याला पहिल्यांदा दाखवताना वासेकरभाऊ किती ओशाळले होते. खाणीतून निवृत्त झालेल्या माणसांनी मिळून घेतलेली जमीन, शहर संपतं तिथे. एका अंगाला नाला, मग बाभळी, आणि त्यांच्यामागे खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. ‘इथी कधी कधी बिबट दिसते,’ ते म्हणाले. तू म्हणालीस, ‘दिसू द्या ना भाऊ, त्यालेबी घर पाह्यजे.’ दुसऱ्या दिवशी तू टेम्पोत ही सुंभाची बाज घालून आलीस. लोक मोजणीची यंत्रं घेऊन येतात, आमच्या रेहानाबाई बाज घेऊन आल्या. म्हाताऱ्यांना तिच्यावर बसवलंस, गप्पा मारत दिवस काढा म्हणालीस, आणि अट एकच घातलीस: ऊन लागलं की बाज उचलायची आणि बरं वाटेल तिथे न्यायची. ती जिथे टेकेल तिथे तिच्याभोवती तू चुन्याची पांढरी फक्की टाकत गेलीस, क्रिकेटच्या मैदानावर टाकतात तशी. दिवस कलला तेव्हा त्या उजाड रानात पांढऱ्या चौकटी उमटल्या होत्या. ‘पाह्य नंदे,’ तू म्हणालीस, ‘मानसं कुठी बसतीन ते मानसाइनंच सांगून देल्लं. आता घरं त्याच्या भवताल.’

पुढे ती आपली पद्धतच झाली. आधी जमिनीवर, मग कागदावर. पूर्वेची रांग बांधायच्या आधी तू सगळी घरं खऱ्या मापात फक्कीनं आखलीस आणि ज्यांची ती घरं होती त्यांना त्यांत राहायला बोलावलंस. बेबीबाई आपल्या न बांधलेल्या स्वयंपाकघरात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माठ इथी ठेवीन.’ एक जण रेघ ओलांडून सरळ आत आला तर तू केवढ्यानं ओरडलीस, ‘ओ भाऊ, भित्तीतून काऊन येऊन राह्यले? दार तिकडं हाये!’ तो बिचारा खरंच मागे गेला, वळसा घालून आला आणि चपला बाहेर काढून आत शिरला. सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या अंगावर बारीक काटा आला होता. तिथे काहीच नव्हतं, आणि तरी त्या माणसानं भिंतीला वळसा घातला होता.

तुला हे वेड लहानपणापासूनचं. हिवाळ्यात वडशाला झाडीपट्टीची नाटकं लागायची. तुझ्या वडिलांच्या धानाच्या गोदामामागच्या मैदानात मांडव पडायचा. सकाळी मांडव उतरला की तू त्या मोकळ्या मैदानात जाऊन उभी राहायचीस. एकदा मलाही तिथे नेऊन दाखवलंस, ‘इथी राजवाडा होता काल. ह्या खिडकीतून राणी पाहे.’ मी म्हटलं, ‘इथी शेळीच्या लेंड्या हायेत फक्त.’ तू मला बाजूला ओढलंस, कारण मी म्हणे राणीच्या पलंगावर उभी होते. तू चेष्टा करत होतीस की नाही, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

राखेच्या विटांवरून झालेला तमाशा मी जन्मात विसरणार नाही. वीजकेंद्राच्या राखेच्या विटा वापरायच्या म्हटल्यावर अर्धी सभा उठून गेली. ‘राखेच्या घरात राहाचं म्हंजे जिवंतपनी मसनात राहाचं,’ वासेकरभाऊ म्हणाले. तू शांतपणे उत्तर दिलंस, ‘भाऊ, जिंदगीभर कोयसा तुमीच काढला ना? त्याचीच राख हाये ते. आपलंच मानूस समजा.’ यावर ते इतके हसले की विटा मंजूर झाल्या. आज त्याच भिंतींच्या आत एप्रिल निघेपर्यंत कूलर लावावा लागत नाही. छतावर चुन्याचा पांढरा लेप आहे, पावसाचं पाणी खड्ड्यांतून जमिनीत जातं, विहिरीला उन्हाळ्यातही ओल असते. येणारेजाणारे विचारतात ही कोणाची कल्पना. मी तुझं नाव सांगते आणि विषय बदलते, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो, त्या आता कुठे असतात.

‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून,’ असं कोणी तुला ऐकवलं की तू म्हणायचीस, ‘घरं इतकी बांधून पाह्यली का लग्नाची हिंमतच नाई झाली.’ मी तुझ्या या उत्तरावर दर वेळी हसायचे. आता वाटतं, एकदा तरी न हसता विचारायला हवं होतं.

आणि मग दुसरी रांग. तिच्यावरून आपण जेवढं भांडलो तेवढं नवराबायको भांडत नसतील.

पूर्वेच्या घरांमुळे चौकाला सकाळी सावली मिळते. दुपारनंतर ती घरं काही कामाची नाहीत. पश्चिमेकडून ऊन सरळ आत येतं आणि तीनच्या सुमाराला चौक तव्यासारखा तापतो. दुसरी रांग कुठे उभी करायची, एवढाच प्रश्न होता. मी म्हणत होते, चौकाच्या उत्तरेला, घरांची तोंडं उत्तर-दक्षिण. पश्चिमेचं ऊन घरांना कमीत कमी लागेल, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. तू म्हणत होतीस, नाही, चौकाच्या पश्चिमेला, दक्षिणेकडे पायऱ्यांसारखी उतरत जाणारी. घरानं ऊन पाठीवर घ्यावं आणि सावली चौकात टाकावी.

‘अन् घरात राहनाऱ्याईनं भाजून निंघावं?’ मी विचारलं.

‘पाठीले जिने ठेव, न्हाणीघरं ठेव, जाळीची भित्त ठेव. ऊन तिथीच थकते.’

‘तरी थोडं आत येनच.’

‘येन ना. चार घराईनं थोडं ऊन घेतलं तं सावली सगळ्याईले भेटते.’

‘मंग ते चार घरं कोन घेन?’

यावर तू छत्री उघडून चालायला लागायचीस. मला अजूनही वाटतं, माझा प्रश्न चुकीचा नव्हता. चौक सगळ्यांचा असतो, पण पश्चिमेची भिंत कोणाच्यातरी एकाच्याच उशाशी असते.

त्या दिवशी सकाळी तुझा फोन आला. ‘आज तुले दाखवतेच,’ म्हणालीस, ‘चारले ये.’ मी चारला आले तेव्हा चौकात माणसं गोळा झाली होती.

पुढचं सगळं बेबीबाईंकडून ऐकलं. दारं बंद होती, घरोघरी कूलर घरघरत होते. त्या वाळत घातलेल्या कुरड्या उलटायला बाहेर आल्या, तर तू चौकाच्या पश्चिम टोकाला बाजेवर बसलेली दिसलीस. छत्री मिटलेली, पाठ ताठ, तोंड मोकळ्या प्लॉटकडे. त्यांनी हाक मारली, ‘रेहानाबाई, उनात काऊन बसल्या?’ तू वळली नाहीस. त्यांनी येऊन खांद्याला हात लावला. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, उन्हाचा काही संबंध दिसत नाही. तरी बेबीबाई मला एकटीला गाठून पुन्हा पुन्हा एकच सांगत राहिल्या, ‘उनानं गेलेलं मानूस तापलेलं राह्यते बाई. ह्या तं माठासारख्या थंड होत्या. बाजीचं सुंभ बी थंड होतं. भर उनात.’

बाजेच्या पाठीमागे हातभरावर फक्कीची ताजी रेघ होती. घराची म्हणावी तर घराची नाही. सरळ नाही, काटकोनात नाही, पायऱ्या-पायऱ्यांनी दक्षिणेकडे कललेली, वाकडी. मला वाटलं, तुझा हात कापत असेल, तुला बरं वाटत नसेल. गावात वेगळंच पसरलं. मेलेल्या बाईच्या पाठीशी पांढरी रेघ, म्हणजे करणी. वासेकरभाऊंनी घाबरून तिच्यावर बादल्या ओतवल्या. मुरुमाच्या जमिनीत चुना ओला झाला की उलट घट्ट बसतो, हे त्या घाईत कोणाला आठवणार? रेघ अंधूक झाली, गेली नाही. आणि थोड्याच दिवसांनी बाज तिथे जायला लागली.

आता सोसायटी घाबरलेली आहे. वासेकरभाऊ म्हणतात, ‘बाई, तुमचा उत्तरेवाला नकाशा देऊन टाका महापालिकेत. चौकात गाड्या लावू. बाज भंगारात देऊ. लोकं भिऊन राह्यले.’ माझा नकाशा तयार आहे. सही केली की तुझा चौक संपला. मी सही करत नाही, आणि का करत नाही हे मला त्यांना सांगता येत नाही.

---

वरचं सगळं मी मागच्या आठवड्यात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर जे झालं ते तुला ठाऊक असेल, तरी सांगते. तुला न सांगता कुठलंही काम पुरं झाल्यासारखं मला वाटत नाही.

मी ठरवलं, एकदा बसून पाहायचंच. जेवण झाल्यावर बेबीबाईंच्या खिडकीत बसले. बाज कडुनिंबाखाली होती. बेबीबाईंना मी कूलर बंद करायला लावला, कारण मुरुमावरून बाज ओढली की खरखर आवाज होतो आणि तो मला ऐकायचा होता. बाकीच्या घरांचे कूलर चालूच होते. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की पलीकडचे मातीचे डोंगर दिसेनासे झाले होते. एक माणूस नाही, एक पाखरू नाही.

मग एकदम सगळे कूलर थांबले. वीज गेली होती, एवढंच. पण दिवसभर कानात भरलेली घरघर अशी थांबली की आपण बहिरे झालो असं वाटतं. ‘लाइन गेली वाट्टे,’ बेबीबाई म्हणाल्या आणि पन्ह्याचा पेला माझ्यापुढे केला. मी तो घ्यायला मान वळवली. पुन्हा बाहेर पाहिलं तर बाज पश्चिमेच्या उन्हात होती.

खरखर झाली नव्हती. त्या शांततेत सुई पडली असती तरी ऐकू आली असती.

‘पाह्यलं?’ बेबीबाई म्हणाल्या. त्या घाबरलेल्या नव्हत्या. ‘रोजच जाते. मी तं आता पाह्यतच नाई तिकडं.’

मी बाहेर गेले. मी धीट नाही, तुला माहीत आहे, पण घरात बसून राहणं त्याहून कठीण होतं. चौक ओलांडताना चपलेतून तळवे भाजत होते. बाजेजवळ पोचले, सुंभावर हात ठेवला. थंड. मग मी बसले, तू बसली होतीस तशी, पश्चिमेकडे तोंड करून.

उन्हातून जाड भिंतींच्या घरात पाऊल टाकलं की अंगावरून जसा हात फिरतो, तसं झालं. गरम वारा थांबला. नुकत्याच लावलेल्या चुन्याचा वास आला. डोळे थोडे निवले आणि मी खाली पाहिलं. माझी सावली नव्हती.

कडुनिंबाची होती. पायरीखाली उभ्या असलेल्या बेबीबाईंची होती, पायरीवर आडवी पडलेली. माझी नव्हती. तुझी ती अंधूक वाकडी रेघ माझ्या मागे, बाजेपासून हातभर पूर्वेला दिसत होती, कारण मी बसले ती रेघेच्या आतल्या बाजूला. मी मागे वळून एक हात रेघेपलीकडे नेला. हाताला चटका बसला आणि जमिनीवर पंजाची काळी सावली पडली. हात आत घेतला, सावली गेली. पुन्हा नेला, पुन्हा पडली. मी हे किती वेळा केलं सांगता येत नाही.

वर पाहायचं मात्र धाडस झालं नाही. मी सावलीत आहे म्हणजे वर काहीतरी उभं आहे. मी मान खाली घालून बसले, आणि वरून, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून, कोणीतरी फरशीवर बादली ठेवल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा. पाठीले न्हाणीघरं ठेव, तू म्हणाली होतीस.

वीज परत आली. कूलर घरघरायला लागले आणि मी उन्हात बसलेली होते, घामानं निथळत. बेबीबाईंच्या घरी येऊन तांब्याभर पाणी प्याले.

तिथून तशीच ऑफिसात गेले. तुझा पश्चिमेचा नकाशा काढला आणि तू गेलीस त्या दिवशीची तीन वाजताची सावली कागदावर मांडली. हे काम मी तुझ्यासाठी शंभर वेळा केलं असेल, पण या नकाशासाठी कधीच केलं नव्हतं. कागदावर जी कड उतरली ती पायऱ्या-पायऱ्यांची होती, दक्षिणेकडे कललेली, वाकडी. तुझा हात कापला नव्हता रेहाना. ती भिंतीची रेघ नव्हतीच, सावलीची होती. तू उन्हात बसलीच नव्हतीस. आपल्या इमारतीच्या सावलीत बसली होतीस, मला दाखवायला, माझी वाट पाहत.

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि रडता रडता हसू आलं. तू गारव्यात गेलीस. गेला महिनाभर मी डोळे मिटले की तुला उन्हात होरपळताना पाहत होते, ते चित्र त्या संध्याकाळी पुसलं गेलं. यासाठी तुझे आभार कसे मानायचे हे मला कळत नाही.

सभेत मी दोन्ही नकाशे मांडले. बादलीचं काही सांगितलं नाही. फक्त एवढंच सांगितलं की रेहानाबाईंची रांग उभी राहिली तर चौकात तीनला सावली पडेल, आणि माझी उभी राहिली तर घरं थंड राहतील पण चौकात गाड्याच लावाव्या लागतील. वासेकरभाऊंनी माझाच प्रश्न मला विचारला, ‘बाई, पश्चिमेचे घरं कोन घेन?’

मी म्हटलं, ‘वरचं, टोकाचं, सगळ्यात जास्त ऊन ज्याले लागन, ते माह्या नावावर लिहा.’

लोकांना तो त्याग वाटला. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. खरं तुला सांगते, मला तो बादलीचा आवाज पुन्हा ऐकायचा होता, तो आपल्या घरातून आला तर बरं, एवढाच माझा त्याग. बेबीबाईंनी आपल्या मुलासाठी खालचं घर मागितलं. बाकीची दोन घरं अजून रिकामी आहेत आणि त्यांना माणूस मिळेल की नाही याची मला खात्री नाही. शिवाय पश्चिमेची भिंत मी दुहेरी करणार आहे, मधे पोकळी ठेवून. तुझ्या नकाशात ती एकेरी आहे आणि ते चूक आहे. हे तुला पटायचं नाही, पण राहणार मी आहे.

तरी लोक पुरते तयार होईनात. शेवटी ठरलं, आधी जमिनीवर आखून पाहू, चालून पाहू, मग बाई सांगतील तो नकाशा देऊ.

आज सकाळी आखलं. तुझी सगळी रांग, जिने, न्हाणीघरं, जाळीची भिंत, माझी दुहेरी भिंतसुद्धा. फक्की मी माझ्या हातानं टाकली. माणसं आली, खोल्याखोल्यांतून फिरली, खिडक्यांवरून भांडली. तुझ्यावाचून पहिल्यांदा. ऊन वाढलं तसे सगळे पांगले. वासेकरभाऊ तेवढे दोन्ही नकाशांची फाइल घेऊन बेबीबाईंच्या ओसरीत बसले आणि मी तीन वाजायची वाट पाहत राहिले.

तीन वाजले. बाज कडुनिंबाखालीच होती.

बऱ्याच वेळानं सावली तिच्यावरून सरकली, तेव्हा बेबीबाई आल्या, पदर खोचला आणि बाज ओढली. चांगली खरखर झाली. मी पश्चिमेच्या टोकाला, त्या दिवशी गारवा होता तिथे, जाऊन उभी राहिले. ऊन होतं. नुसतं ऊन. पायाशी माझी सावली पडली होती, धडधाकट, माझ्याएवढी लांब. आज वर पाहायचा धीर झाला. वर आभाळ होतं, दुसरं काही नव्हतं.

मी हाक मारली तुला, हळूच. मग जरा मोठ्यानं.

काय झालं ते मला कळलं. तुला दाखवायचं होतं ते मी पाहिलं, मान्य केलं, आखलंसुद्धा. आता तू कशाला येशील? माझी चप्पल फक्कीच्या रेघेवर होती. अजून कोरडी, सुटी फक्की, पाय फिरवला की पुसली जाईल अशी. वासेकरभाऊंना एवढंच म्हणायचं होतं की माझं मन बदललं, उत्तरेचाच नकाशा द्या. मग तू उद्या तीनला आली असतीस, भांडायला. परवाही आली असतीस. चौक तापत राहिला असता, लोक घाबरत राहिले असते, आणि माझ्यापुरती तू राहिली असतीस. इतकं सोपं होतं ते. मी पाय थोडा फिरवलासुद्धा, खोटं कशाला सांगू.

‘बाई,’ ओसरीतून वासेकरभाऊंनी हाक मारली, ‘ऑफिस बंद व्हाच्या आंधी पोचतो मी. कोनता नेऊ?’

मी पाय उचलला.

‘रेहानाचा,’ मी म्हटलं. ‘आत्ताच न्या भाऊ. उद्यावर नका ठेवू.’